मडगावचं पासपोर्ट-व्हिसा सल्ला ऑफिस : फॉर्म भरायला चार स्टार, सल्ल्याला शून्य

एकूण दोन स्टार देतोय. त्यातला एक काउंटरवर झेरॉक्स काढणाऱ्या मुलीचा, ती नसती तर एकावरच थांबलो असतो. ऑफिसचं नाव लिहीत नाही, एकतर आमचे थोडे पैसे अजून तिथे अडकलेत, आणि दुसरं म्हणजे मडगावात अशी ऑफिसं इतकी आहेत की मी लिहितोय ते कुठल्याही चारपाच ठिकाणी चालून जाईल.

आधी चांगलं सांगतो. पोर्तुगीज कागदांचं काम ही माणसं झोपेतसुद्धा करतील. माझ्या भाच्याचं काम यांनीच केलं, २०२१ मध्ये. भावोजींचा जन्म १९५९ चा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, म्हणून आधी त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा आणि मग मुलाचा. जुन्या वहीतली नोंद शोधून काढणं, तिचं भाषांतर, शिक्के, सगळं यांनी केलं, आम्हाला फक्त सह्या आणि पैसे. नावाची स्पेलिंग जुन्या पोर्तुगीज पद्धतीने जशी वहीत होती तशीच ठेवली, म्हणजे आमच्याकडच्या परबाचं पोरोबो होतं ना, तसलंच काहीतरी. तेव्हा आम्ही हसलो होतो, नंतर ते महागात पडलं, ते पुढे येईलच. पोर्तुगीज पासपोर्ट आला, भारतीय पासपोर्ट परत केला, मतदार यादीतून नाव गेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आलं. ताईने फोंड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. या कामाला चार स्टार देतो, एक कापला तो एका सहीसाठी तीन हेलपाटे घालायला लावले म्हणून.

गडबड पुढे झाली. भाच्याच्या डोक्यात अमेरिका भरली. लंडनला जाणाऱ्यांचा काळ ब्रेक्झिटने संपवला, आणि पोर्तुगाल व्हिसा वेव्हरवाल्या देशांत आहे, त्यामुळे त्या पासपोर्टवाल्याला अमेरिकेला फिरायला जायला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन इएस्टा, म्हणजे प्रवासाआधीच्या परवानगीचा फॉर्म, भरला की ९० दिवस राहता येतं. भारतीय पासपोर्टवाला मुंबईच्या कॉन्सुलेटच्या अपॉइंटमेंटची महिनोन्महिने वाट बघत बसतो आणि याचं पाच मिनिटांत काम, मग काय, साहेब हवेतच. याच ऑफिसात २०२३ मध्ये फॉर्म भरला. सरकारी फी तेव्हा २१ डॉलर होती, यांनी सहा हजार रुपये घेतले. घेऊ देत, त्यांचाही धंदा आहे. मी त्या दिवशी बरोबर गेलो होतो, मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. काउंटरवरच्या माणसाने पटापट प्रश्न विचारले, गुन्हा आहे का, रोग आहे का, नाही नाही नाही, आणि मग शेवटी एक लांबलचक मजकूर आला त्याच्या खाली चौकोन होता, त्यात त्याने स्वतःच टिक मारली आणि म्हणाला झालं. वाचून दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. असल्या टिका आपण रोज दहा मारतो, ॲप अपडेट केलं तरी मारतो.

भाचा ९० दिवसांनी परत आला नाही. आता इथे स्पष्ट सांगतो, चूक त्याची. शंभर टक्के त्याची. नेवार्कमध्ये पोर्तुगीज लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे कुणाच्या तरी ओळखीने बेकरीत लागला, आज येतो उद्या येतो करत दोन वर्षं काढली. ताई इथे चवथीला त्याचा फोटो स्टेटसला लावून 'मिस यू बाबू' लिहायची आणि मला मनातून माहीत होतं की याचे कागद संपलेत. मी मामा म्हणून कधी कडक बोललो नाही हे माझं.

ऑक्टोबरात फोन आला तो नेमका नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री. गोव्यातली ती रात्र ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको, आमच्या वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा घरासमोरच, स्पीकर इतके मोठे की खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि फोनवर त्याचा रूममेट काहीतरी सांगतोय ते मला ऐकूच येईना. शेवटी न्हाणीघरात जाऊन दार लावून ऐकलं. कामावरून येताना उचलला होता.

रात्रभर आम्ही त्या अमेरिकन इमिग्रेशनवाल्यांच्या वेबसाइटवर शोधत बसलो, अटकेतला माणूस कुठे ठेवलाय ते तिथे बघता येतं. एकतर नऊ आकडी नंबर लागतो, तो आमच्याकडे कुठला, नाहीतर नाव आणि जन्मदेश, आणि नाव अगदी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आम्ही आपलं घरचं स्पेलिंग घालत होतो. मग आठवलं, पोरोबोचा प्रकार. पासपोर्टचं स्पेलिंग घातलं, देश पोर्तुगाल निवडला, तरी नाही. सकाळी अभ्यंगस्नान वगैरे काही नाही, ताई नुसती बसून. तिथे जन्मदेश विचारतात, नागरिकत्व नाही, हे कळायला दोन दिवस गेले. इंडिया निवडल्यावर नाव आलं. हा मात्र आमचाच गाढवपणा, ऑफिसच्या खात्यात घालत नाही. कुणावर अशी वेळ आली तर लक्षात ठेवा.

मग आम्ही याच ऑफिसात गेलो, कारण दुसरं कोण माहीत होतं? टोकन नंबर १७, दीड तास. आणि तो दीड तास खरं म्हणजे त्या ऑफिसातली सगळ्यात दर्जेदार सेवा होती, कारण खोलीत बसलेल्या लोकांनी जी चर्चा केली तिच्यापुढे आतला साडेतीन हजार रुपयांचा सल्ला काहीच नव्हता.

एक वयस्क तारवटी होते बाणावलीचे, बावीस वर्षं जहाजावर. ताईचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, बाय, मी मायामीला किती वेळा उतरलो त्याचा हिशोब नाही, दरवेळी वेळेत परत चढलो, मलाही तिथे राहावंसं वाटलं होतं, नियम म्हणजे नियम. याच्यावर काय बोलणार. ताई गप्प. मीही गप्प, कारण माणूस बरोबर बोलत होता. मग एक तरुण पोरगी, बहुतेक कायद्याची विद्यार्थिनी, ती म्हणाली अंकल, परत पाठवू नका असं कोण म्हणतंय, पण पाठवायच्या आधी माणसाला कुणासमोर तरी उभं करा, तो तोच आहे का, त्याला पाठवायचा देश बरोबर आहे का, एवढं तरी बघा. आणि तिने त्या एल साल्वाडोरवाल्याची गोष्ट सांगितली, किल्मार आब्रेगो गार्सिया. त्याला त्या देशात पाठवायचं नाही असा इमिग्रेशन जजचा हुकूम २०१९ पासून होता, तरी १५ मार्च २०२५ ला विमानात घालून तिथल्याच मोठ्या तुरुंगात टाकला, नंतर सरकारनेच कोर्टात सांगितलं की चूक झाली, सुप्रीम कोर्टाने १० एप्रिलला परत आणायची व्यवस्था करा म्हटलं, आणि तो जूनमध्ये परत आला. त्याच दिवशीच्या विमानांत व्हेनेझुएलाचे लोक होते, त्यातल्या बऱ्याच जणांना १७९८ चा युद्धकाळातला कायदा लावला होता. त्यावरही कोर्टाने ७ एप्रिलला सांगितलं की आधी नोटीस द्या, दाद मागायला वेळ द्या.

तारवटी म्हणाले, मग लाखो लोकांचे खटले चालवत बसायचं का? हाही प्रश्न खराच. तिथल्या इमिग्रेशन कोर्टात तीस लाखांहून जास्त केसेस पडून आहेत, आणि ट्रम्पही तेच म्हणतो की प्रत्येकाला खटला द्यायचा तर दोनशे वर्षं लागतील. ओबामाच्या काळातसुद्धा २०१३ या एका वर्षात चार लाखांहून जास्त लोक बाहेर काढले होते आणि त्यातल्या बहुतेकांनी जज बघितलाच नव्हता. म्हणजे हे सगळं काल सुरू झालंय असं नाही. १९९६ च्या कायद्याने सीमेवर पकडलेल्याला अधिकारीच झटपट परत पाठवू शकतो. ट्रम्पच्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये ते देशभर लावलं, दोन वर्षांच्या आत आलेला आणि तपासणी चुकवून घुसलेला कुठेही सापडला तरी. ऑगस्टच्या शेवटी वॉशिंग्टनच्या एका फेडरल जजबाईंनी ते अडवलं.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, कसाबलासुद्धा वकील दिला होता आपण. आपल्याकडे कुठल्याही चर्चेत हे वाक्य येतंच. पण अमेरिकेत इमिग्रेशनच्या केसमध्ये सरकार वकील देत नाही, ती फौजदारी केस धरतच नाहीत. वकील ठेवायचा हक्क आहे, पण स्वखर्चाने. तीन वर्षांचं पोर असलं तरी तेच.

आत बोलावलं तेव्हा साहेबांनी आमचं ऐकलं, मान हलवली आणि 'डिपोर्टेशन हेल्प पॅकेज' म्हणून ४५,००० सांगितले. काय करणार विचारलं तर म्हणे कोर्टात अर्ज, जामीन, कॉन्सुलेट फॉलोअप. ताईने पर्समधून पंधरा हजार काढून टेबलावर ठेवले, मी हात धरायच्या आत. मी विचारलं, तुम्ही अमेरिकेत वकील आहात का? तर म्हणाले आमचे तिकडे असोसिएट आहेत. आठ दिवसांत त्या असोसिएटने एक ईमेल केला, पोर्तुगालच्या नेवार्कमधल्या कॉन्सुलेटला. तो ईमेल झेरॉक्सवाल्या मुलीने मला दाखवला, चार ओळींचा होता आणि त्यात भाच्याची जन्मतारीख चुकली होती.

शेवटी बेकरीवाल्यानेच न्यू जर्सीतली एक वकीलबाई सुचवली, व्हिडिओ कॉल अर्धा तास, तीनशे डॉलर. तिला पाच स्टार, खरं तर हा रिव्ह्यू तिचाच लिहायला हवा होता. तिने पहिला प्रश्न विचारला, आला कसा? व्हिसावर, बॉर्डरवरून की इएस्टावर? इएस्टा म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. ते मला स्क्रीनवर दिसलं.

तिने जे सांगितलं ते जमेल तसं लिहितो, कारण गोव्यात हे कुणी सांगत नाही. साध्या टुरिस्ट व्हिसावर जाऊन मुदत संपल्यावर राहिला असता तर त्याला लेखी नोटीस मिळाली असती, इमिग्रेशन जजसमोर तारीख, जामीन मागायची संधी, निकाल विरोधात गेला तर अपील. हे लांबलं असतं, कदाचित हरला असता, पण एका माणसाने समोर बसवून ऐकलं असतं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत 'व्यक्ती' असा शब्द आहे, 'नागरिक' नाही, म्हणून कागद नसलेल्यालासुद्धा हद्दपारीच्या वेळी रीतसर प्रक्रिया मिळाली पाहिजे, हे तिथलं सुप्रीम कोर्ट शंभरेक वर्षं म्हणत आलंय, स्केलियासारख्या कट्टर उजव्या विचारांच्या जजनेही १९९३ मध्ये लिहिलं. पण इएस्टावाल्याने हा हक्क आधीच लिहून दिलेला असतो. तो शेवटचा चौकोन! त्या मजकुरात असं आहे की प्रवेशाबद्दल अधिकारी जे ठरवेल त्यावर अपील मागणार नाही आणि मला देशाबाहेर काढायचं ठरलं तर आश्रयाचा अर्ज सोडून दुसऱ्या कुठल्याही कारणाने त्याला आव्हान देणार नाही. त्यामुळे याला जज नाहीच. इमिग्रेशनचा अधिकारी ऑर्डर काढतो, संपलं. जामीनही जजकडे मागता येत नाही, तिथल्या अपील बोर्डाचा २००९ चा निकाल आहे तसा.

म्हणजे बघा. शेजारच्या गावातला भारतीय पासपोर्टवाला मुलगा, ज्याला आम्ही बिचारा म्हणायचो, त्याला जज मिळतो. आणि पेढे वाटून आणलेल्या लाल पासपोर्टवाल्याला मिळत नाही. ताईला हे समजावून सांगायला मला दोन दिवस लागले आणि अजूनही तिला वाटतं की मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

मी वकीलबाईला म्हटलं, पण त्याने वाचलंच नव्हतं हो, टिक दुसऱ्यानेच मारली. ती हसली नाही, पण हे तिने आधीही ऐकलं असावं. म्हणाली, शिकागोच्या अपील कोर्टात हेच झालं होतं २०१० मध्ये. गिनी देशाचा एक माणूस, चोरलेल्या बेल्जियन पासपोर्टवर याच सवलतीखाली आलेला, म्हणाला की मी काय सही केली ते मला कळलंच नव्हतं. कोर्टाने मान्य केलं की हक्क सोडायचा तर समजून-उमजून सोडला पाहिजे. आणि तरीही तो हरला, कारण कोर्ट म्हणालं, समजलं असतं तरी तू काय केलं असतंस? सही केली नसतीस तर विमानतळावरून परत पाठवला असता, मग तुझं नुकसान ते काय झालं?

या वाक्यावर मी बरेच दिवस अडकलो. तर्क बरोबर आहे, आणि पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, ही सांगायला जरा लाज वाटते. त्या दिवशी वेटिंगमध्ये एक घरमालक होते, कळंगुटकडे खोल्या भाड्याने देतात, फॉरेनर राहायला आल्याची माहिती देणारा सी-फॉर्म चोवीस तासांत भरायचा त्या कटकटीबद्दल बोलत होते, आणि मग विषय बांगलादेशींवर गेला. म्हणाले, असले भायले (बाहेरचे) पकडले की विचारत कसले बसायचं, रात्रीच ट्रेनमध्ये घालायचं. आणि ताई, जी पाच मिनिटांपूर्वी माझ्या मुलाचं कुणी ऐकून घेत नाही म्हणून रडत होती, ती म्हणाली, बरोबर आहे. मी काही बोललो नाही, कारण मागच्याच वर्षी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनच्या नातेवाइकांबद्दल मी हेच, अगदी याच शब्दांत बोललो होतो. कायद्याची पोरगी मान खाली घालून मोबाईल बघत होती, पण तिने ऐकलं हे मला कळलं.

आपल्याकडे तर तू परदेशी नाहीस हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच असतं, १९४६ च्या कायद्यात होतं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम २१ मात्र इथेही 'व्यक्ती' म्हणतं. पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला बांगलादेशी म्हणून दिल्लीतून उचलून जून २०२५ मध्ये बांगलादेशात ढकललं, कलकत्ता हायकोर्टाने परत आणा म्हणून हुकूम दिला, आणि ती डिसेंबरात परत आली. मी ही बातमी वाचली तेव्हा भाचा लिस्बनला पोचून महिना झाला होता. त्याआधी वाचली असती तर कदाचित पान उलटलं असतं.

भाच्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. आश्रय मागण्यासारखं काही नव्हतंच, पोर्तुगालमध्ये त्याच्या जिवाला कसली भीती, खोटं लिहू नकोस असं वकीलबाईनेच सांगितलं. एकोणीस दिवसांनी साध्या विमानाने लिस्बनला. नशीब म्हणायचं, कारण २०२५ च्या फेब्रुवारीत लष्करी विमानाने अमृतसरला जे आणले ते बेड्या घालून. त्यातल्या १५ फेब्रुवारीच्या विमानात ११६ जणांत दोघे गोव्याचे होते, तेव्हा आम्ही पेपरात वाचून च् च् केलं होतं. आता हा अशा देशात आहे जिथे तो आयुष्यात कधी गेला नव्हता, भाषा येत नाही, बों दिया आणि ओब्रिगादोच्या पुढे गाडी जात नाही, आणि कागदावर तो तिथलाच. एका गोंयकाराच्या फ्लॅटमध्ये पाच जण राहतात. अमेरिका दहा वर्षं बंद, इएस्टा तर कायमचाच.

ऑफिसकडून पंधरापैकी दहा परत मिळाले, पाच 'प्रोसेसिंग'. ते मागायला जानेवारीत परत गेलो होतो. काउंटरवर काणकोणचा एक मुलगा बसला होता, मावशीच्या मुलीच्या लग्नाला न्यू जर्सीला जायचंय म्हणून इएस्टा भरत होता (फी तोवर चाळीसेक डॉलर झालेली, यांचे आठ हजार). तोच माणूस, तोच वेग, नाही नाही नाही. शेवटचं पान आलं आणि त्याचा माउस चौकोनावर गेला तेवढ्यात ती झेरॉक्सवाली मुलगी उठली, स्क्रीन त्या मुलाकडे फिरवला आणि तो सगळा मजकूर एकेक ओळ करून कोंकणीत सांगायला लागली. दोन मिनिटं लागली असतील. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. मुलाने ऐकून घेतलं, म्हणाला, म्हाका पंदरा दिसांनी परत येवपाचें आसा, आणि टिक मारली. स्वतःच्या हाताने.

एक स्टार तिचा. दुसरा जन्मनोंदणीच्या कामाचा. नागरिकत्वाचे कागद करायचे तर खुशाल जा, सल्ला मात्र घेऊ नका, त्याला त्या त्या देशातला वकील बघा, महाग पडला तरी. ऑफिस सकाळी साडेनऊला उघडतं, दुपारी एक ते तीन बंद, जेवण आणि झोप. पार्किंग नाही, स्कूटर घेऊन जा. झेरॉक्स बाहेरून काढून न्या, आत पानाला दहा रुपये घेतात.